साहेबाच्या दारूले धुंगार

अर्ध्या मिशीचा मानूस पाह्यला काय कोनी? मी पाह्यला. आमचा देवराव.

जर्मनच्या लढाईवरून तो आपल्या गावाले, किन्हीराजाले परत आला, तवापासून त्याचं एकच पुरान. म्हने, "मेसमंदी साहेब लोकं धुराच्या वासाची दारू पेत. तिच्यात जडीबुटीचे दोन अर्क टाकत. वा!"

म्हनलं, "मंग आपनही करू."

पह्यल्या धारेची मोहाची आनली. वैद्याकडून दोन आसवं आनली. सारं एका पितळी गंजात ओतलं. आता धूर कुठून आनाचा?

देवराव म्हने, "मठ्ठ्याले देतात तसा धुंगार देऊ."

त्यानं वाटीत लाल निखारा घेतला, त्याच्यावर तूप सोडलं अन् वाटी गंजात ठेवली. भप्पकन जाळ उठला! देवरावाची अर्धी मिशी गेली. वरतं माळ्यावर कडबा! मी "पानी आना, पानी!" करून बोंबलून राह्यलो.

देवरावाची बायको, आमची वहिनी, चुलीपासून उठली अन् हातातली परात गंजावर पालथी घातली. जाळ खतम.

"भाऊजी, धुंगार देल्यावर झाकन ठेवा लागते. एवढंबी माईत नाई तुमाले?" म्हने, अन् गेली भाकरी थापाले.

जरा वेळानं परात उचलली. काय वास सुटला बापा! दोघांनी एकेक घोट घेतला. देवरावानं डोळे मिटले.

इचारलं, "काहून रे, साहेबाची अशीच लागे काय?"

उरलेली मिशी पुसत तो म्हने, "मले काय माईत? मी तिथं गिलास धुवत होतो. वास असाच होता. चव आज समजली."