पासवर्डची वही

मोडेमची ती किरकिर अजून माझ्या कानात आहे. लेक सासरचा जाच मेलवर कळवायची. ती मेल दौंडच्या सायबर कॅफेत चारचौघांत वाचावी लागे, म्हणून आम्ही वरवंडच्या घरी कॉम्प्युटर घेतला. दुकानदारानं सगळं जोडलं, सुनेला मेलचा नवा पासवर्ड घालायला लावला आणि खिशातून वही काढली.

"आबा, पासवर्ड सांगा. लिहून ठिवतो."

"तुमाला कशापायी?"

"इसरला तर? समद्या गिऱ्हाइकांचे हायेत माझ्याकडं."

"त्यानं लेकीची पत्रं उघडत्यात?"

"व्हय की."

मला नवल वाटलं. "मग तुमचा कुणाकडं हाय?"

"माझा? माझा कुणाला कशाला देऊ?"

त्यानं वही तशीच मिटून खिशात घातली आणि तो निघून गेला.