रवळूनं कौल खाल्ला

बोला, रवळनाथ महाराज की जय!

मंडळी, ऐका. आज अवघड काही सांगत नाही. ब्रह्म, माया — सगळं घटकाभर बाजूला ठेवू. एकच प्रश्न विचारतो, सोपा. एका आईला दोन लेकरं. दोघांनाही ती एकाच दिवशी, एकाच वेळी हवी. अर्धी नको — पुरी! तर आईनं कुणाकडे जावं? आणि कुणाला म्हणावं, 'थांब रे बाळा'?

नुसत्या माना हलवू नका, उत्तर द्या! काय? 'धाकट्याकडे'? कोण बोललं? तुम्ही का! तुम्ही घरात शेंडेफळ ना? वाटलंच मला!

तर ऐका. कणकवलीच्या पुढं, आडवाटेला एक गाव. तिथं गुरुनाथ धुरी राहतो. मोटारी-पंप दुरुस्तीचं दुकान. हात असा, की जळालेली मोटार त्यानं हातात घेतली की ती लाजून फिरायला लागते! त्याची बायको समिधा. आठ वर्षांची लेक केतकी. नऊ महिन्यांचा मुलगा रवळू — गावदेवाचंच नाव ठेवलेलं. आणि गुरुनाथची आई, जिला सगळं गाव आक्का म्हणतं. बस्स! एवढीच माणसं. लक्षात ठेवायला वही नको.

आता घाटापलीकडे एक मोठी बाग झालीय म्हणे. थीम पार्क! आकाशाला टेकणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, उलटी-पालटी करणारी गाडी. आपल्या वेळेला जत्रेत लाकडी घोडा दोनदा फिरला की आपण घरी येऊन चार दिवस सांगायचो. असो! केतकीला गेल्या मे महिन्यात तिथं न्यायचं ठरलं होतं. पण तेव्हा रवळू पोटात. डॉक्टर म्हणाले, घाटाचे धक्के नकोत. पोरीनं ऐकलं. म्हणाली, "पुढच्या वर्षी." शहाणी पोर! आणि पुढचं वर्ष आलं — तर रवळू कडेवर!

झालं! घरात वाद पेटला. पोराला न्यायचं की ठेवायचं?

आक्का म्हणाल्या, "नऊ म्हयन्याचा पोर ता! उन्हातान्हात, गर्दीत, चार लोकांच्या नजरेत कित्याक नेतास? माझ्याकडे ठेवा. चार पोरां वाढवलंय मी!"

गुरुनाथ म्हणाला, "नेऊ या की. त्याला काय कळतंय?"

शेजारीण म्हणाली, "नेऊ नका हो. त्याला काय कळतंय?"

बघा! कारण एकच, आणि त्याच्यावर दोन्ही मतं उभी! फुकटचा सल्ला हा असा असतो, मंडळी. दोन्ही बाजूंनी वाजतो.

आणि समिधा? ती कुणाशी वाद घालत नव्हती. तिच्या आतच वाद चालला होता. तिनं एक दिवस करून बघितलं. रवळूला आक्कांकडे सोपवलं आणि केतकीला घेऊन दुपारी बाजारात गेली. चांगला फ्रॉक घ्यायला. दुकानदार फ्रॉक दाखवतोय आणि हिचं लक्ष फोनकडे. केतकी म्हणतेय, "आई, निळा की पिवळा?" आणि आई म्हणतेय, "हो." अहो, निळा की पिवळा ह्याचं उत्तर 'हो' असतं का? घरी आली तर रवळूनं वाटीतलं दूध आक्कांच्या पदरावर फुर्रर्र करून उडवलेलं, आणि रडून रडून घसा बसलेला. आक्का म्हणाल्या, "जरा रडलो, दुसरा काय?" पण त्यांचेही डोळे लाल होते.

म्हणजे ठेवलं तर हे हाल. आणि नेलं तर? नेलं तर पोर आईच्या कडेवर. पाळण्यात कोण बसणार? केतकी पाळण्यात आणि आई खाली, पिशवी-बाटली-पोर घेऊन उभी! मग ह्यात नवं काय झालं? नऊ महिने घरात हेच चाललं होतं की!

हे सगळं आक्का आणि गुरुनाथ मोठमोठ्यानं बोलत होते. पोरं ऐकतात हो! आपल्याला वाटतं खेळतायत. संध्याकाळी समिधा खोलीत गेली, तर केतकीनं आठ दिवस आधीच भरून ठेवलेली पिशवी रिकामी. फ्रॉक घडी करून पुन्हा कपाटात. टोपी खुंटीवर. आणि पोरगी खिडकीत बसून गृहपाठ करतेय. मे महिन्यात गृहपाठ!

"काय गं, पिशवी का सोडलीस?"

"असंच. नाही गेलो तरी चालेल मला."

मंडळी, रडणारं पोर सांभाळता येतं. उचला, थोपटा, चमचा वाजवा. पण न रडणारं पोर? त्याला कसं थोपटायचं? समिधा स्वयंपाकघरात गेली, कांदा चिरायला घेतला आणि मनसोक्त रडून घेतलं. बायांना माहीत आहे, कांदा कशासाठी असतो!

(पेटीवाले, सूर धरा!)

*एका माउलीची लेकरे दोन ।*
*कोणा घ्यावे, ठेवावे कोण ।*
*दोहोंकडे ओढे मन ।*
*काय करावे ॥*

काय करावे? कोकणातल्या माणसाला प्रश्न सुटला नाही की तो काय करतो? देवाला कौल लावतो! आक्कांनी हुकूमच काढला, रविवारी सकाळी सगळ्यांनी रवळनाथाच्या देवळात. नाना गुरवांनी फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवाच्या अंगावर चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर पोराला न्यायचं. डावी पडली तर ठेवायचं. गाऱ्हाणं घातलं. सगळे हात जोडून उभे!

पाच मिनिटं झाली. पाकळी पडेना. दहा झाली. पडेना! देवालासुद्धा सुचेना, मंडळी! समिधाचे डोळे पाकळ्यांवर. उजवी पडली तर केतकी दुरावली. डावी पडली तर रवळू दुरावला. तिला वाटत होतं, दोन्ही तशाच चिकटून राहू देत, आपण सगळे इथंच उभे राहू, आणि कधी घरीच जायला नको.

आक्कांना धीर निघेना. म्हणाल्या, "नाना, पोराक देवाच्या पायार घाला, म्हणजे देव पटकन सांगात." नानांनी रवळूला उचललं, गाभाऱ्यात नेलं, देवापुढं धरलं. आणि मंडळी, ह्या रवळूनं त्या रवळनाथाकडे पाहिलं. हसला. हात पुढं केला — उजवी पाकळी काढली, डावी काढली, आणि दोन्ही — तोंडात!

"कौल खाल्ल्यान गो पोरान!" आक्का किंचाळल्या.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? सांगा! शास्त्रात आहे काही? नाना बोट घालून पाकळ्या काढतायत, पोर खुदूखुदू हसतंय, गुरुनाथ तोंडावर रुमाल धरून उभा. आक्का म्हणाल्या, "दुसरो कौल लावा!"

नाना म्हणाले, "नाय. देवाक एकदाच इचारूचा असता. आणि काय हो — देवाक इचारलास, शेजाऱ्यापाजाऱ्यांक इचारलास. ज्या चेडवासाठी जातास, तेका कोणी इचारल्यान?"

सगळे वळले. केतकी घंटेखाली उभी होती. खरंच की! आठ दिवस घर डोक्यावर घेतलं, पण जिची सहल, तिला कुणी विचारलंच नव्हतं! समिधा तिच्यासमोर खाली बसली. "सांग बाय. तुला काय वाटतं? खरं सांग. मी रागवणार नाही."

पोरीनं नानांच्या हातातल्या रवळूकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याला आणा. तो रडला की तुला मजा येत नाही."

आक्का म्हणाल्या, "बघा, गुणाचा माझा चेडू—"

"पण," केतकी म्हणाली, "त्याला बाबांनी घ्यायचं. दिवसभर. आणि आई माझ्याबरोबर."

हां! पडली उजवी पाकळी! सगळ्या माना गुरुनाथकडे. रुमाल खाली आला. "मी? अगं, मी कसा — म्हणजे — त्याचं दूध?"

समिधा म्हणाली, "दुधाला मी येईन. बाकीचं तुम्ही."

"बाकीचं म्हणजे?"

"बाकीचं म्हणजे बाकीचं!"

आक्का म्हणाल्या, "पुरुषमाणूस चार लोकांत पोर कडेवर घेवन फिरतलो?"

नाना म्हणाले, "आणि मी आता हातात काय धरलंय आक्का? नारळ?"

समिधाला हसू आलं, आणि हसता हसता चटका बसला. तिचंही चुकलंच होतं! आठ दिवस ती डोकं फोडत होती, ह्या लेकराला ठेवू की त्या. पण एक लेकरू त्याच्या बापाच्या हातात द्यावं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिला वाटायचं, ह्यांना जमणार नाही. अहो, पंपाच्या तारेची शंभर वेटोळी गुंडाळणाऱ्या माणसाला एक लंगोट गुंडाळता येणार नाही?

निघाली मंडळी! आक्कांनी जुन्या लुगड्याची झोळी शिवून दिली. तोंड फुगवूनच, पण टाके दुहेरी घातले. पोहोचले बागेत. गुरुनाथच्या छातीशी रवळू बांधलेला, खांद्यावर पिशवी, डोक्यावर टोपी. सुरुवातीला तो बापडा इकडेतिकडे बघतोय, गाववाला कुणी दिसत नाही ना! तासाभरात रवळूनं त्याचा शर्ट भिजवला. धावला पुरुषांच्या स्वच्छतागृहात, तर पोराला आडवं घालायला तिथं जागाच नाही! मग एका बाकावर, भर रस्त्यात, हे कार्य! आणि तिथं जमले कोण? बायकांच्या पिशव्या सांभाळत बसलेले सहा-सात बाप. एक म्हणतो, "पाय वर धरा." दुसरा म्हणतो, "उलटं घातलंय तुम्ही." सात बाप, एक लंगोट! अर्ध्या तासात काम फत्ते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

आणि समिधा? पहिल्या पाळण्यात तिनं दहा वेळा मागं वळून पाहिलं. केतकी म्हणाली, "आई, मागे बघायचं नाही!" दुसऱ्यात पाच वेळा. तिसऱ्यात ती ओरडली — अशी ओरडली, की लग्नानंतर पहिल्यांदाच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला!

दुपारी आली ती मोठी गाडी. उलटी-पालटी करणारी. तासभर रांग. समिधा रवळूला पाजून आली आणि मायलेकी उंच जिन्यावरच्या रांगेत उभ्या राहिल्या, हातात हात घालून. पुढं चारच माणसं उरली — आणि खालून रडणं ऐकू आलं. हजार पोरं ओरडत होती हो तिथं! पण आईला आपलं बरोबर कळतं. समिधाला पान्हा फुटला. ती थबकली. पाय आपोआप मागं वळला.

आणि मंडळी, केतकीनं आपण होऊन हात सोडला. रडली नाही. म्हणाली, "जा आई. मी एकटी बसते."

आता सांगा! आता काय करावं त्या माउलीनं? विचारला होता ना मी प्रश्न — हा तो क्षण! एक लेकरू खाली रडतंय, एक वर हात सोडतंय!

तिनं कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. गुरुनाथ रवळूला घेऊन येरझाऱ्या घालत होता. घामाघूम! पोराला थोपटतोय, हत्तीचा पुतळा दाखवतोय, भसाड्या आवाजात अंगाई म्हणतोय. येणारेजाणारे हसतायत, पण ह्याला शुद्ध कुठं? त्यानं मान वर केली. बायको दिसली. तिला वाटलं, आता बोलावतील. पण त्यानं बोलावलं नाही! एक हात मोकळा करून खूण केली — जा, जा, बस तू! मी आहे!

*मी आहे!* अहो, दोनच शब्द. ह्या दोन शब्दांसाठी बाई आयुष्यभर वाट बघते!

समिधानं लेकीचा हात पुन्हा पकडला. घट्ट. "चल," म्हणाली. गाडी वर गेली, उलटी झाली, पालटी झाली, आणि मायलेकी अशा किंचाळल्या, अशा हसल्या, की उतरल्यावर दोघींना उभं राहता येईना. धावत खाली आल्या. रवळू बापाच्या खांद्यावर झोपला होता, लाळ गळत. आणि तो बाप — राज्याभिषेक झाल्यासारखा ताठ! केतकी बाकावर चढली, झोपलेल्या भावाच्या कानाला तोंड लावलं आणि गाडी कशी उलटी झाली, ते सगळं त्याला पहिल्यापासून सांगायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं तिला!

तर मंडळी, मिळालं उत्तर? आई दोघांना पुरी पडते का? पडते! पण कधी? तिचं एक लेकरू दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर असेल तेव्हा!

वा, माना डोलतायत! पुरुष मंडळी तर जास्तच डोलतायत! 'बुवा छान सांगतात!' आता जरा माझ्या डाव्या हाताला बघा. बायकांची बाजू. दिसतात का पोरं? एक मांडीवर, एक खांद्यावर, एक पदर ओढतंय. त्या हिरव्या लुगड्यातल्या ताई तीन वेळा उठून बाहेर गेल्या. त्यांनी निम्मी कथा ऐकलीच नाही! आणि आता उजवीकडे बघा. पुरुषांची बाजू. एक तरी पोर आहे? एक? मांड्या कशा मोकळ्या, स्वच्छ, झाडून ठेवलेल्या!

नाही, आरती नाही! ताट खाली ठेवा, महाराज. आधी उठा. जा पलीकडे, आपापलं पोर घेऊन या. रडलं तर रडू दे, मी थांबतो. ताई, तुम्ही बसा आरामात. तुमच्यासाठी मी आख्यान पहिल्यापासून पुन्हा सांगतो!