अढी निघाली की प्रार्थना

बंधूंनो, भगिनींनो, सगळ्यांना माझा सलाम.

उभा राहिलो खरा, पण एकदम बोलायला जमत नाही. आधी तुमची विचारपूस करतो. म्हाताऱ्याची सवय आहे, राग मानू नका. पाळकसाहेब, घसा कसा आहे? रविवारी उपासनेत तुमचा आवाज बसला होता. आल्याचा तुकडा मीठ लावून दाढेखाली धरा. एस्तेरबाई, गुडघे काय म्हणतात? एवढा चढ चढून आलात. उतरताना एकट्या उतरू नका, कोणाचा तरी हात धरा. हसनभाई, तुमचा दमा? धाप लागलेली दिसतेय. त्या खांबाला टेकून बसा. तुम्ही मशिदीत जाता नि आम्ही चर्चमध्ये, पण या घराचे आंबे तुमच्याच पडावातून आगबोटीवर चढले, तेव्हा तुम्ही इथले घरचेच. आणि प्रभाकर, बाळा, तुझ्या पोटात सकाळपासून काही गेलं का? नाही ना? हे झालं की एस्तेरबाईंनी पेज आणलीय, ती घे. नको म्हणू नकोस.

सगळ्यांना विचारून झालं. ज्याला रोज विचारायचो, त्याला आता विचारता येत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारत बसलो. तेवढाच वेळ काढला.

आपले शमुवेलराव गेल्या मंगळवारी गेले. याच ओटीवर, या खुर्चीत बसल्याबसल्या. गड्यानं चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवून गेला. तुम्ही त्यांना शमुवेलराव म्हणता. मी सामू म्हणायचो. तो मला बाबल्या म्हणायचा. माझं बाप्तिस्म्याचं नाव बर्नबा, ते ठाऊक आहे फक्त पाळकसाहेबांना. गावाला मी शिंपीकाका. बाबल्या म्हणणारा एकच होता. आता ती हाक गेली.

आम्ही दोघं मिशनच्या बोर्डिंगातली पोरं. त्याला आईबाप नव्हते, मला होते ते नसल्यासारखे. मी सुई धरली, त्यानं पहार धरली. ही टेकडी तेव्हा नुसता कातळ होती. गवतसुद्धा पावसाळ्यापुरतं उगवायचं. सामूनं ती घेतली तेव्हा बाजारात हसले लोक. "कातळावर आंबे लावतोय, उद्या समुद्रात वांगी लावील!" तो ऐकून घ्यायचा. पहारीनं खड्डा करायचा, पाटीनं खालची माती वर आणून त्यात भरायचा, मग एक कलम लावायचा. खालच्या विहिरीवरून पाणी कोण आणायचं? आमच्या रेबेकावहिनी. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि पदराला धरून चालणारा हा प्रभाकर.

तेव्हा घरात खायची मारामार होती. पण दर बुधवारी या ओटीवर घरगुती प्रार्थना असायची. तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. आठवतं ना, एस्तेरबाई? ओटी भरली की माणसं पडवीत, पडवी भरली की खळ्यात. वहिनी गुळाचा कोरा चहा करायच्या. कप पुरायचे नाहीत, मग करवंट्या निघायच्या. सामू गायला लागला की चाल सोडून भलतीकडे जायचा, नि वहिनी मागून म्हणायच्या, "अहो, खाली या, खाली या, आम्हाला नाही एवढं वर चढवत!" सगळी ओटी हसायची. प्रार्थनेत हसू नये म्हणतात. पण मला वाटतं, देवालाही त्या हसण्याचा राग आला नसेल.

मग कलमांना फळ धरलं.

आता यात वाईट काय? काहीच नाही. घामाचं फळ, देवाचा आशीर्वाद. पहिल्या वर्षी थोडं, पुढच्या वर्षी जास्त, मग टेकडी नुसती वाकली. मुंबईचा दलाल स्वतः घरी यायला लागला. चर्चवर नवी कौलं चढली, ती सामूच्या पैशानं, हे मी आज सांगितलंच पाहिजे. हात आखडता घेणारा नव्हता तो. फक्त जागा कमी पडायला लागली. आंबा उतरवला की पिकवायला अढी घालावी लागते, पेंढ्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. एवढा माल ठेवायचा कुठं? आधी माजघर भरलं. मग पडवी. मग ही ओटी.

त्या वर्षी बुधवार आला, तेव्हा वहिनींनी विचारलं, "अहो, माणसं बसायची कुठं?"

सामू म्हणाला, "थोडे दिवस गो. अढी निघाली की घेऊ प्रार्थना."

थोडेच दिवस. किती सरळ बोलणं! कोणालाही पटेल. पण अढी निघते कधी? मृगाच्या तोंडावर. मग पाऊस. पावसात हा चढ निसरडा, मंडळी येणार कशी? पाऊस सरला की बागेची साफसफाई, खत, मग मोहर, मोहर आला की राखण. तोवर ओटीवर रिकाम्या पेट्या नि पेंढ्याच्या गंजी येऊन बसलेल्या. पुन्हा अढी. म्हणजे देवाला नाही कोणी म्हटलंच नाही. देवाला फक्त थांब म्हटलं. माझ्या दुकानातली तऱ्हा सांगतो तुम्हाला. कपडा फाडून कोणी टाकत नाही. एक टाका उसवतो, माणूस म्हणतो, बघू उद्या. बघता बघता बाही हातात येते.

रविवारीही त्याचं येणं कमी झालं. आंब्याचा हंगाम नि पुनरुत्थानाचा सण एकाच वेळी येतात, त्याला सामू काय करणार? चर्चच्या थैलीत घालायचे पैसे गड्याबरोबर पाठवायचा. जास्तच पाठवायचा. मंडळीनं त्याच्यासाठी पुढचा बाक राखून ठेवला होता. त्या बाकावर धूळ बसायची नि वहिनी मागे बायकांत बसायच्या, एकट्या.

मग वहिनी आजारी पडल्या. आगबोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या होत्या, तो आठवडा. शेवटच्या बोटीला भाव चढतो, हसनभाईंना ठाऊक आहे. ओटी भरलेली, माजघर भरलेलं, वहिनींची खाट स्वयंपाकघरात चुलीपाशी. मी भेटायला आलो होतो. माझ्यासमोर त्या म्हणाल्या, "एक बुधवार घ्या हो घरी. मला आता खाली उतरवणार नाही. मंडळी वर आली तर त्यांचं गाणं तरी ऐकीन."

सामू आंबा हातात घेऊन देठापाशी दाबून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "शेवटची बोट जाऊ दे. मग रोज घेऊ. रोज!"

वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. रागानं नव्हे. आजारी मूल खोटं बोललं की आई हसते तशा.

बोट गेली, तरी तिच्यात न मावलेला माल घरात उरलाच. पुढच्या बुधवारच्या आत वहिनीही गेल्या. त्यांना ठेवायला या घरात जागा नव्हती हो. खळ्यात झावळ्यांच्या मांडवाखाली बाक जोडले नि त्यावर ठेवलं. आम्ही खळ्यात उभं राहून गायलो, आणि आत ओटीवर पेंढ्यात आंबे निवांत निजलेले. सामू गायला नाही. तो ओटीकडे बघत होता.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर माणूस बदलला असेल. नाही. तसं होत नसतं. धन एकदा घरात घुसलं की घरधन्याला पडवीत बसवतं. बागेला तारेचं कुंपण आलं, दारात कुत्रा आला. प्रभाकरनं मुंबईत नोकरी धरली. बाळा, तू का गेलास ते मी विचारत नाही. राहायला तुलाही जागा नव्हती. मी अधूनमधून यायचो. एकदा म्हटलं, "सामू, प्रार्थना करतोस ना रे?" म्हणाला, "बसतो. पण बाबल्या, डोळे मिटले की पेट्याच दिसतात. कुठली आधी पाठवायची, कुठली मागनं. आमेनसुद्धा त्यातच म्हणून टाकतो."

दुसऱ्याला श्रीमंती दिसते. आतल्याला ती अशी दिसते.

आता यंदाच्या मे महिन्याचं सांगतो. हे मला बोलायचं नव्हतं. पण नाही बोललो तर सामूवर अन्याय होईल. ऐन हंगामात तो माझ्या दुकानात आला. मशीनपाशी उभा राहून म्हणाला, "बाबल्या, येत्या बुधवारी घरी प्रार्थना ठेवलीय. चर्चमध्ये सांगशील?"

मी म्हटलं, "अढी निघाली?"

म्हणाला, "नाही. तरी."

मी रविवारी उभा राहून सांगितलं. उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर कोणीतरी म्हणालं, "आंबे उतरवायला माणसं कमी पडली असतील!" आणखी कोणीतरी म्हणालं, "जाऊ या, पण कुत्र्याला आधी बाप्तिस्मा द्या म्हणावं." हसणं झालं. मी कोणाला दोष देत नाही. इतकी वर्षं कुंपण बघितल्यावर पाय वळतील कसे? वाट माणसांच्या पायांनी पडते, तशी ती माणसांवाचून बुजतेही.

त्या बुधवारी मी चढून आलो. कुत्रा मागच्या बाजूला बांधलेला. ओटी झाडून लख्ख. पिकायला आलेले आंबे त्यानं नि गड्यानं गोठ्यात हलवले होते. अढी अशी अर्ध्यात हलवली तर माल खराब होतो, हे सामूला काय ठाऊक नव्हतं? आणि ओटीवर चटया. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लग्नघरात अंथरतात तशा. पडवीतसुद्धा. मी मागे कधीतरी शिवलेला कोट घालून तो दारात उभा.

आम्ही बसलो. तो म्हणाला, "येतील. चढ आहे ना."

मी म्हटलं, "हो, चढ आहे."

जरा वेळानं म्हणाला, "एसटी उशिरा आली असेल."

मी म्हटलं, "असेल." आपल्या मंडळीतलं कोण एसटीनं येणार होतं हो? सगळे खालच्याच आळीतले. त्यालाही ते ठाऊक होतं नि मलाही.

ऊन उतरलं. कुंपणाच्या फाटकातून कोणी आलं नाही. शेवटी तो म्हणाला, "करू या का सुरू?" एवढ्या चटयांवर आम्ही दोन म्हातारे. गायला लागलो. तो पूर्वीसारखाच चाल सोडून वर गेला, आणि मध्येच थांबला. "खाली या" म्हणणारं मागे कोणी नव्हतं. मग प्रार्थना त्यानंच केली. फार लहान केली. म्हणाला, "प्रभू, जागा केलीय. उशीर झाला."

मग आत जाऊन ताट घेऊन आला. ताटात आंबे होते, पेटीतले, एकही डाग नसलेले. मी म्हटलं, "हे मुंबईला जायचे ना?" म्हणाला, "मंडळीसाठी काढलेले. खा." तुम्हाला माहीत आहे आपल्याकडची रीत. चांगला आंबा पेटीला, डागी आंबा घराला. सामू आयुष्यभर डागीच खात आला. त्यानं एक आंबा हातात घेतला, चाखला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाबल्या, आपला आंबा असा लागतो काय रे?"

मी ताटातला एक उचलला नि खायला लागलो.

निघताना मी चटया गुंडाळायला वाकलो. म्हणाला, "असू दे. पुढच्या बुधवारी लागतील." पाऊस लागला, त्याला खोकला धरला. जमेल तसा मी येत राहिलो. चटया तशाच होत्या. आज तुम्ही बसलाय त्या त्याच. बघा, आज ओटी भरली, पडवी भरली, खळ्यातही माणसं उभी आहेत.

बंधूंनो, पैसा वाईट म्हणून मी सांगत नाही. मी शिंपी, दसऱ्यादिवाळीला चार पैसे जास्त मिळाले की मलाही बरं वाटतं. तो एक श्रीमंत तरुण, प्रभू 'सगळं विकून गरिबांना दे' म्हणाला तेव्हा खिन्न होऊन परत गेला, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आपण म्हणतो, बघा, गेला बिचारा, संपलं. मला मात्र वाटत आलंय, तो वळणाआड होईपर्यंत प्रभू तिथंच उभा राहिला असेल. आणि पुढे म्हातारपणी तो परत फिरला असेल तर? असेल परत फिरला. काठी टेकत, उशिरा, लाजत. त्याला दारात घ्यायला प्रभू असेलच. आम्ही नव्हतो, तो असेल. सामूसाठी मी याच आशेवर आहे.

प्रभाकर, आता तुझ्याशी बोलतो. हातखंब्याचा व्यापारी सकाळी येऊन गेला, हे मला कळलं. बाग करारानं मागतोय नि माल ठेवायला घरही मागतोय. चांगला माणूस आहे, व्यवहार चोख. बाग द्यावी की न द्यावी, हे तुझं तू बघ. तुला मुंबईत संसार आहे, मी कोण सांगणारा? बाग दे, गोठा दे, माजघर दे. एवढी ओटी देऊ नकोस. ओटी मंडळीला बुधवारची राहू दे. तुझ्या बापानं मरायच्या आधी एवढी एकच गोष्ट स्वतःच्या हातानं रिकामी केली. ती पुन्हा भरू नकोस. आत्ता हो म्हणू नकोस. रडून झालेला माणूस कशालाही हो म्हणतो. मुंबईला जा, सूनबाईंशी बोल, प्रार्थना कर, मग ठरव.

सामू, तुला माझा सलाम. वहिनींनाही सांग.

आता सगळ्यांनी उभं राहू या नि थोडा वेळ गप्प राहू या. एस्तेरबाई, तुम्ही बसूनच राहा. डोळे मिटल्यावर ज्याला जे दिसेल ते दिसू दे, त्यातूनच प्रार्थना करा.

आणि प्रभाकर, काय ठरवशील ते मला कळव. साधं कार्ड टाकलंस तरी चालेल, अक्षर तेवढं मोठं काढ. मला आता इथं बोलायला कोणी उरलं नाही, पोस्टमनची वाट बघत बसेन. लवकर लिही, बाळा.