एकही मिरची करपली नाही

(प्लोवदिवमधल्या एका इमारतीखालचं गॅरेज. सप्टेंबरअखेर, रविवार सकाळ. मडक्याएवढ्या विजेच्या भट्टीत गोड लाल मिरच्या भाजल्या जाताहेत. म्हातारा स्तोइमेन भाजतोय, त्याची बायको पेन्का सोलतेय. सोफियाहून आलेला तरुण ओग्न्यान उलट्या क्रेटवर बसलाय.)

ओग्न्यान : सगळी नोंद बदला असं मी म्हणतच नाहीये, काका. शेवटचं वाक्य तेवढं.

स्तोइमेन : कुठलं वाक्य? म्हणजे, मला त्या नोंदी पाठ नाहीत हो.

ओग्न्यान : मला आहेत. 'कार्यक्रम, उद्याच्या उंबरठ्यावर. भाग एकतिसावा. यजमान ओग्न्यान. विषय, यंत्रांची बुद्धी. दोन टोपल्या भाजून झाल्या. एकही मिरची करपली नाही.'

पेन्का : मग चांगलंच लिहिलंय की. तू यजमान, तुझं नाव आहे, मिरच्या नीट भाजल्या. आणखी काय हवं?

ओग्न्यान : मलाही आधी तसंच वाटलं, काकू. मी सगळ्या मित्रांना पाठवलं. मग यांचं नेटवरचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. ज्या-ज्या पॉडकास्टचं यांनी कौतुक केलंय, तिथं मिरच्या करपल्यात. 'फार छान समजावलं, तीन करपल्या.' 'शेवटी तर पाच.'

स्तोइमेन : भाजता भाजता ऐकण्यात लक्ष लागलं की माझा हात थांबतो. मिरची बिचारी आतच राहते. मला वाटलं, मापायला सोपं आहे. कुणाला तारे-बिरे द्यायला मी कोण?

पेन्का : म्हणजे गेला हिवाळाभर जळक्या चटणीशी पाव खाल्ला तो यापायी? मला म्हणालास, यंदा मिरचीची साल पातळ आहे.

स्तोइमेन : पातळ होतीच थोडी.

पेन्का : आणि तू नुसता बसू नकोस, पोरा. ही सुरी घे. देठाकडून धर नि साल खाली ओढ. बोलायला तोंड लागतं, हात नाही.

ओग्न्यान : हो, घेतो. तर विषय असा आहे की मला एक प्रायोजक मिळतोय. हास्कोवोला गाद्यांचा कारखाना आहे, त्याच्या मालकीणबाई. कार्यक्रमाच्या मधे मधे मी त्यांच्या गादीबद्दल बोलायचं, त्यांनी वर्षभर माझा खर्च उचलायचा. उद्या भेट आहे. त्या भेटीआधी नेटवर माझ्या कार्यक्रमाचं नाव टाकून बघणारच. आणि टाकलं की पहिलं तुमचं पान येतं.

स्तोइमेन : माझं? आणि दुसरं?

ओग्न्यान : दुसरं नाहीये.

पेन्का : तुझं स्वतःचं नाही का काही?

ओग्न्यान : आहे ना. फार सुंदर आहे. उघडताना सूर्य उगवतो, मग अक्षरं एकेक करून उडत येतात. पण तो सूर्य उगवेपर्यंत कुणी थांबत नाही, आणि शोधणाऱ्या यंत्राला तर त्या उजेडात काही दिसतच नाही म्हणे.

पेन्का : आणि ह्याचं?

ओग्न्यान : यांचं पान म्हणजे पांढऱ्यावर काळं. त्यामुळे ते सगळ्यांना दिसतं.

स्तोइमेन : मला रंग देता येत नाहीत. शिकायला हवं होतं, राहून गेलं.

ओग्न्यान : काका, उद्या हे जमलं नाही तर मला मेहुण्याच्या फरशांच्या दुकानात उभं राहावं लागेल. त्यानं माझा गणवेशसुद्धा शिवून ठेवलाय. छातीवर माझं नाव आहे.

पेन्का : हौशी दिसतोय मेहुणा.

स्तोइमेन : मी पुसूनच टाकतो ती नोंद. आत्ता वर जातो नि पुसतो. खरं सांगू का, कुणी वाचतं हेच मला माहीत नव्हतं. ऐकलेलं विसरतो म्हणून लिहून ठेवतो, नाहीतर तोच भाग पुन्हा ऐकतो आणि निम्म्यावर वाटतं, हे सगळे सारखंच का बोलताहेत.

पेन्का : बस खाली. खोटं लिहिलंयस का?

स्तोइमेन : खोटं नाही. पण चुकलं असेल. त्या दिवशी माझ्या एका कानात दडा बसला होता.

पेन्का : तो दुसऱ्या भागाला. एकतिसाव्याला कान ठणठणीत होते, मी वरून हाक मारली तर लगेच ओ दिलीस.

स्तोइमेन : मग असं करू या का? पुन्हा ऐकतो. इथंच. एक टोपली अजून आहे. हेही बसलेत, म्हणजे कुठं लक्ष द्यायचं ते सांगतील. मला ते कळत नसेल कदाचित.

ओग्न्यान : आत्ता? सगळा?

पेन्का : लाव. तुझ्या फोनवरच लाव, नवा आहे.

फोन : नमस्कार, मित्रहो. आज आपण खोलात जाणार आहोत. फार खोलात.

पेन्का : हा तुझा आवाज? एवढा जाड?

ओग्न्यान : जाड करून घेतो. विश्वास बसतो त्यानं.

फोन : तुमचा प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे, ओग्न्यान. याला तीन पैलू आहेत.

स्तोइमेन : इथं लक्ष द्यायचं का?

ओग्न्यान : नाही, इथं नाही. पुढं येतं.

फोन : आणि या तिसऱ्या पैलूलाही पुन्हा तीन पैलू आहेत.

पेन्का : आता?

ओग्न्यान : थोडं पुढं सरकवू या का? मधलं जरा…

स्तोइमेन : मधे काय आहे?

ओग्न्यान : मलाही नीट आठवत नाहीये.

फोन : अगदी बरोबर बोललात. आणि हेच तर आमच्या श्रोत्यांना…

पेन्का : बंद का केलंस?

ओग्न्यान : हात ओले झालेत, फोन खराब होईल.

पेन्का : मी पुसून देते. लाव.

ओग्न्यान : नको, काकू.

स्तोइमेन : तुम्ही हा आधी ऐकला नव्हता का?

ओग्न्यान : वेळ कुठं असतो? प्रश्न मी मशीनकडून लिहून घेतो. एक मिनिटात वीस प्रश्न येतात. पाहुण्यांना आधी पाठवतो, तेही उत्तरं मशीनकडूनच घेतात. त्यांना तर तेवढा वेळही लागत नाही. मग आम्ही दोघं वाचतो.

पेन्का : मग तुम्ही दोघं तिथं असता कशाला?

ओग्न्यान : आवाजासाठी.

पेन्का : आणि ऐकणारे?

ओग्न्यान : हल्ली ऐकत कोण बसतं? त्यांचं मशीन दोन ओळींत सार काढून देतं. जगभर असंच चालतं, काकू.

स्तोइमेन : म्हणजे मशीननं विचारलं, मशीननं सांगितलं, मशीननं सार काढलं. मधे ऐकलं फक्त मी.

पेन्का : तुला फार जगाबरोबर चालायची हौस ना? चाल आता.

स्तोइमेन : मला वाटायचं, मलाच कळत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा ऐकायचो. जग कुठं चाललंय ते निदान मागून तरी दिसावं. बरं, आता मात्र पुसतोच मी. सगळे एकतीस भाग काढून टाकतो. तुमचं नावच नको माझ्या पानावर, म्हणजे तुम्हाला त्रास नाही.

ओग्न्यान : नको, सगळे नको.

स्तोइमेन : तुम्हीच तर म्हणालात.

ओग्न्यान : एक वाक्य म्हणालो होतो, काका. सगळं काढलंत आणि उद्या बाईंनी नाव टाकून शोधलं, तर काय येईल? काहीच येणार नाही. त्या विचारतील, हे कोणी ऐकतं तरी का? मी काय दाखवू? सूर्य दाखवू?

पेन्का : मग राहू दे म्हण की तसंच. एवढ्यासाठी सोफियाहून आलास.

ओग्न्यान : पण करपलं का नाही काही, एकदाही? एकतीस भागांत एक मिरची नाही?

स्तोइमेन : एकदा करपल्या ना. चौथ्या भागाला. तुम्ही सगळं वाचलंत म्हणालात.

ओग्न्यान : चौथा? तो मी स्वयंपाकघरात केला होता. तेव्हा माझ्याकडे खोली नव्हती.

स्तोइमेन : तुमचा पाहुणा आला नव्हता. तुम्ही एकटेच होता आणि रेडिओ लांबचा आवाज कसा पकडतो ते सांगत होता, तुमच्या आजोबांच्या रेडिओवरून. तेवढ्यात मागून तुमची आई म्हणाली, कुणाशी बोलतोयस, तिथं कुणी नाहीये. तुम्ही म्हणालात, आहे गं, असेल कुणीतरी. चार करपल्या मिरच्या.

ओग्न्यान : ते कापायचं राहून गेलं होतं. आठवडाभर मला लाज वाटत होती.

पेन्का : सोल की. थांबलास का?

ओग्न्यान : सोलतोय.

स्तोइमेन : मी त्यानंतर प्रत्येक भाग लावला तो त्यामुळेच. वाटायचं, पुन्हा एकदा तसं काही… पण मग तुम्हाला खोली मिळाली, पाहुणे यायला लागले. बरंच झालं म्हणा. मी आपला असाच, तुमचं काम मला काय कळतं.

पेन्का : तर उद्या काय सांगणार त्या गादीवालीला?

ओग्न्यान : हे पान दाखवीन. सांगेन, एक माणूस सगळे भाग शेवटपर्यंत ऐकतो. स्वतःच्या कानांनी.

पेन्का : एका माणसावर ती गाद्या विकणार?

ओग्न्यान : तुमची गादी कशी आहे, काकू?

पेन्का : मधे खड्डा पडलाय. ह्याच्या बाजूला.

ओग्न्यान : हेही सांगेन. श्रोत्यांपैकी शंभर टक्के लोकांना गादीची गरज आहे.

स्तोइमेन : माझं नाव नका घेऊ मात्र.

ओग्न्यान : नाही घेत. निघतो मी, काका. दुपारची गाडी गाठायचीय.

पेन्का : ही चटणीची बाटली घे, आईला दे. यात जळकं काही नाही, मी स्वतः पाहिलंय.

स्तोइमेन : बत्तिसावा भाग कधी येईल?

ओग्न्यान : नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी ठरवला होता. बाई हो म्हणाल्या तर. नाही म्हणाल्या तर मी फरशांच्या दुकानातच असेन, रात्री घरी आल्यावर काय तो करणार, तोही स्वयंपाकघरात. पाहुणे तर कुणी येणार नाहीत तिथं.

स्तोइमेन : नोव्हेंबरात आम्ही कोबी चिरतो, पिंपात मुरवायला. दोन पिंपं असतात. तुम्हाला हवं तेवढं बोला.