अल्लीपूरची न खेळलेली फायनल

आमच्या रोहण्याच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर दिनकरराव आम्हीच काढून टाकले होते बरं का. अल्लीपूरची फायनल न खेळताच त्यायनं टीम परत आणलती, म्हणून. पुढं टीम हरतच राह्यली. एकदा चहा पिताना टीममधला गणपत म्हणाला, "आता हरतो खरं, पण तो कप दिनकररावनंच घालवला."

गोलकीपर सुखदेव बाजूलेच होता. म्हणाला, "अल्लीपूरले फायनलच्या आधी मले जातीवरून जेवणाच्या पंगतीतून उठवलं. मी बाहेर बसून जेवाले तयार होतो. तुमच्यातलं कोणी बोललं नाई. दिनकरराव मात्र भरल्या ताटावरून उठले."



दुसऱ्या दिवशी गणपतच देवळीले दिनकररावच्या घरी गेला, त्यायले परत बोलवाले. त्यायनं एकच विचारलं, "गोलकीपर कोण हाय?"

"सुखदेवच."

"मंग येतो."