आधी कोणी सोडायचं?

…आणि वर मलाच विचारतात, "अहो, पण चूक कोणाची?" कोणाची म्हणून सांगू? कोणाचीच नाही! तिथंच तर घोडं पेंड खातंय!

म्हणजे बघा, हॉस्पिटलात खाटा वाटणारा एक प्रोग्रॅम, ऑपरेशन थिएटर वाटणारा दुसरा, आणि या दोघांनी आपसात भांडू नये म्हणून मधले नियम लिहिणारा जो शहाणा, तो तुमच्यासमोर उभा आहे! नियम काय, तर ऑपरेशनला दोन्ही हवं, थिएटरही आणि नंतर झोपवायला आयसीयूतली खाटही, आणि एकदा हातात आलेली गोष्ट काम होईपर्यंत सोडायची नाही. सहा महिने बैठका झाल्या हो यावर! सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. चूक कोणाचीच नाही!

तर त्या सकाळी बाबांना ऑपरेशनसाठी थिएटरच्या दारापर्यंत नेलेलं. हृदयाजवळची मोठी नस फुगलेली, फुटली की संपलं. मी बाकावर. शेजारी एक ताई, तिच्या आईचंही तसंच काहीतरी. दहा वाजले, साडेदहा वाजले, दोन्ही स्ट्रेचर दारात, थिएटर रिकामं, शेवटची उरलेली खाट रिकामी, आणि डॉक्टर हातमोजे घालून उभे! म्हटलं, हे काय? नर्सच्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली. खाट बाबांच्या नावावर, थिएटर त्या ताईच्या आईच्या नावावर! खाटवाला प्रोग्रॅम म्हणतो थिएटर द्या, मग खाटेचं बघू. थिएटरवाला म्हणतो खाट द्या, मग थिएटरचं बघू! आमच्या घरी रोज सकाळी हेच व्हायचं हो, चष्मा दोघांत एक, पेपर एक… बाबांच्या हातात पेपर, आईच्या नाकावर चष्मा, "आधी तुम्ही द्या", "आधी तू दे", आणि तासभर कोणीच काही वाचत नाही! पण तिथं निदान दूध उतू गेलं की आई उठायची. इथं कोण उठणार?

नर्सला म्हटलं, "अहो सिस्टर, दिसतंय ना समोर, ढकला की एक स्ट्रेचर आत!" तर म्हणे, "दादा, स्क्रीन हिरवी झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. मागं तोंडी सांगण्यावरून एका खाटेवर दोन पेशंट आले होते, तेव्हापासून नियमच झालाय." कोणी केला नियम? मीच केला! चूक तिचीही नाही!

डॉक्टरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "दोघंही सारखेच तातडीचे. तुमची सिस्टीम काय म्हणते?" आमची सिस्टीम! ऑफिसात साहेबांना फोन लावला, तर साहेब म्हणे, "अरे सोपं आहे, जो नंतर आला त्याची मागणी रद्द कर, तो परत रांगेत लागेल." सोपं आहे! तिथंच मांडीवर लॅपटॉप उघडला. ताईच्या आईची मागणी नऊ वाजून दोन मिनिटं. बाबांची नऊ वाजून तीन.

एका मिनिटाचा फरक हो! एक आकडा बदलायचा होता, कोणाच्या बापाला कळलं नसतं… शेजारून ताईनं विचारलं, "तुम्हाला यातलं काही कळतं का हो?" आणि मी… मी म्हटलं, "नाही हो, फारसं नाही." आकडा नाही बदलला. थोर म्हणून नाही, उगाच गैरसमज नको! खरं सांगतो, मला वाटलं, काय बिघडतंय? आमच्या धंद्यात रद्द केलेलं काम दुपारी पुन्हा सुरू केलं तरी जसंच्या तसं पूर्ण होतं, त्याला कुठं काय दुखतं! वीस वर्षं हेच करत आलोय. त्या क्षणी बाबा म्हणजेही मला एक मागणीच वाटली. केली रद्द. स्क्रीन हिरवी झाली, ताईच्या आईचं स्ट्रेचर आत गेलं, आणि ताईनं आनंदानं माझाच हात धरला.

बाबांनी विचारलं, "काय रे, आलाय का नंबर?" म्हटलं, "दोन वाजता, बाबा, तेव्हा आणखी एक खाट रिकामी होतेय." तर म्हणाले, "बरं. तूच केलंयस ना हे सगळं? मग कसली काळजी!"

पावणेदोनला नस फुटली.

आणि दोन वाजता, अगदी दोनच्या ठोक्याला, माझ्या फोनवर मेसेज… "थिएटर मिळाले. खाट मिळाली. पेशंटला घेऊन यावे." दोघांचं एकमत झालं होतं हो! सेकंदाचा उशीर नाही! माणूस गेला हे कोणीतरी त्यांना कळवायला हवं ना, ते काम आम्ही पुढच्या टप्प्यात घेतलं होतं, तसं बैठकीत ठरलंच होतं. चूक कोणाचीच नाही! बाबांचा हात धरून मी तो मेसेज बघत बसलो. खाली बटण एकच, 'ठीक आहे'. दुसरं ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

…आता काय करणार? दाबलं.