मोरांचा कागद आणि गंगाजलातल्या लेन्स

आजच्या निरोपसमारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या भजनी मंडळाचा पहिला आवाज असलेल्या आदरणीय हिमानीताई. व्यासपीठावर बसलेले राममंदिराचे विश्वस्त. रेल्वेतले आमचे उत्तमराव, ज्यांच्या बदलीपायी आज आपण सगळे इथे जमलो आणि ज्यांना मी अजून माफ केलेलं नाही. त्यांच्या सौभाग्यवती आणि आजच्या सत्कारमूर्ती रेणुकाताई. पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच माझ्याकडे डोळे वटारणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई चांगुणाताई. खास डोणगावाहून आलेले माझे व्याही. आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे पाहणारे मागचे बंधुभगिनी, सर्वांना शैलजाचा रामराम.

मी मंडळाची खजिनदार. शिक्षण मॅट्रिक. माईकपुढे उभं राहायची सवय फक्त वार्षिक हिशेब वाचण्यापुरती, आणि तेव्हाही निम्मी सभा उठून गेलेली असते. आज कोणी उठू नका. आज हिशेब नाही, आज रेणुकाताईंचे गुण सांगायचे आहेत. आणि एक अवगुण. तो मी सांगणारच, कारण उद्या त्या बडनेऱ्याला गेल्यावर तोंडावर कधी सांगणार?

आपल्या मलकापुरात रेणुकाताईंना ओळखत नाही असं कोण आहे? चष्म्याच्या दुकानात बसून त्यांनी अर्ध्या गावाचे डोळे तपासले. माझ्यासारख्या बाईला, जिला पोथीतली ओळ दिसत नव्हती आणि जी केवळ पाठ आहे म्हणून पान उलटत होती, तिला त्यांनी एका मिनिटात पकडलं. "ताई, तुम्ही वाचून नाई राह्यल्या, म्हणून राह्यल्या," म्हणाल्या. देवासमोर लपलं ते या बाईसमोर लपलं नाही!

पण मला सांगायचं आहे ते माझ्या गार्गीच्या लग्नाचं. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. शेजारी जावईबापू. दोघांनाही मान खाली घालू द्या, मी थांबणार नाही.

स्थळ चांगुणाताईंनी आणलं होतं. डोणगावचे अर्जुनराव आणि सत्यभामाबाई, मुलगा विहंग, नोकरीला चांगला. सगळं जुळलं होतं. फक्त उत्साहाच्या भरात नणंदबाई सांगून आल्या होत्या, "पोट्टीले चष्मा नाई." आता गार्गीचा नंबर असा, की चष्मा काढला तर तिला घरातलं देवघर चाचपडत शोधावं लागतं! मुलगी म्हणाली, "आई, खोटं काऊन सांगायचं?" पण शब्द गेलेला. स्थळ मोडलं असतं आणि वर आम्ही खोटारडे ठरलो असतो. मग रेणुकाताईंना गाठलं. त्यांनी तपासून लेन्स दिल्या आणि रोज संध्याकाळी घरी येऊन पोरीला शिकवलं. नखं कापायची. साबणानं हात धुवायचे, नीट कोरडे करायचे. आधी लेन्स, मग काजळ. मिरच्या कापल्या असतील तर त्या हातानं डब्बीकडे बघायचंसुद्धा नाही. डोळा लाल झाला तर लगेच काढायच्या. आणि डब्बीतलं द्रावण रोज नवं; कालच्यात थोडं वाढवून भागवायचं नाही. हे शेवटचं माझ्याकडे बघून म्हणाल्या. काऊन, ते मला माहीत आहे.

"आणि पाणी लावायचं नाई," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "नळाचं नाई, माठातलं नाई, फिल्टरचं नाई, बाटलीतलंही नाई." चांगुणाताई बाजूला वाती वळत सगळं ऐकत होत्या. हे लक्षात ठेवा.

आता भिंत. आमच्या बैठकीची एक भिंत न्हाणीघराला लागून आहे. तिच्यावर ओलीचा डाग, बरोबर सोफ्याच्या मागे. पाहुणे येणार, डाग दिसणार. गवंडी लावायचा तर केवढं काम! मी भिंतीला लावायचा कागद आणला, मोरांच्या नक्षीचा. रेणुकाताई म्हणाल्या, "माणूस कायले लावता? मी मोबाइलवर पाह्यलं हाय, आपण दोघीच लावू." आणि हा त्यांचा अवगुण. डोळ्यांच्या बाबतीत या बाईचा शब्द म्हणजे शब्द. भिंतीच्या बाबतीत त्यांना काडीचं कळत नाही! तळहात लावून म्हणाल्या, "ठणठणीत कोरडी हाय ताई." वैशाखाचं ऊन, तळहाताला काय कळणार?

गोंद मी विकत आणू दिला नाही. घरात मैदा होता. छान खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातला. रेणुकाताईंनी नाक मुरडलं. "आमच्या शाळेची पुस्तकं याच खळीनं टिकली," मी सांगितलं. मग दोऱ्याला अडकित्ता बांधून ओळंबा केला, मधून कडांकडे लाटणं फिरवत एकेक पट्टी बसवली. पट्ट्या सरळ बसल्या, हे कबूल करायला हवं. मोर तेवढे चुकले. एका मोराची मान दुसऱ्या मोराच्या शेपटीला जाऊन लागली. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "छान! पाहुण्यांना मोजत बसता येईल." कोणी लक्ष दिलं नाही.

बघण्याचा दिवस उजाडला. पाहुण्यांची जीप गावाच्या वेशीवर आल्याचा फोन आला. गार्गीनं हात धुतले, डब्बी उघडली आणि आत तुळशीचं पान तरंगताना पाहून थबकली. "आत्या, याच्यातलं द्रावण कोठी गेलं?"

चांगुणाताई शांतपणे म्हणाल्या, "ते कालचं होतं. मी फेकलं. काशीचं गंगाजल टाकलं. शुभ काम हाय."

मदतीला आलेल्या रेणुकाताईंच्या हातातला पोह्यांचा झारा तसाच राहिला. "ताई, पाणी नाई म्हटलं होतं ना मी?"

"तुम्ही नळाचं म्हटलं, माठाचं म्हटलं. गंगेचं कोठी म्हटलं?"

सभेला माझा प्रश्न आहे. यावर काय उत्तर द्यावं? मी रोज देवाचं तीर्थ घेणारी बाई, मलाही क्षणभर वाटलं की गंगाजल म्हणजे काही साधं पाणी नव्हे. रेणुकाताईंनी डब्बीला आधी हात जोडले. हो, जोडले! मग म्हणाल्या, "ताई, गंगा ओठांले लावा, कपाळाले लावा. पण पाण्यातले जीव लेन्सखाली राह्यले, तर पोरीचा डोळा जाईल. ह्या टाकायच्या."

"परत धुऊन घेऊ न," मी म्हणाले. नवी जोडी हो!

"रात्रभर भिजवाले वेळ नाई, आणि असता तरी मी घालू दिल्या नसत्या."

टाकल्या. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. नणंदबाई रडकुंडीला आल्या, "आता माह्या शब्दाचं काय वं?" गार्गीनं माझ्याकडे पाहिलं. "आई, चष्मा लावू?" खरं सांगू? तेव्हा मी काही थोर विचार केला नाही. चष्म्याशिवाय हिला समोर नवरा बसला की सासरा हेसुद्धा कळणार नाही, एवढंच मनात आलं. म्हटलं, "लाव."

गार्गी पोहे घेऊन आली. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग चांगुणाताईंकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली. "बाई, तुम्ही तर चष्मा नाई म्हटलं होतं."

अर्जुनराव बिचारे अवघडून म्हणाले, "लय उकडून राह्यलं बाप्पा, पंखा वाढवा जरा." यांनी पंखा वाढवला. आणि छताजवळून एक मोर हळूच वाकला. मग दुसरा. गार्गी ओरडली, "काका, सरका!" पण तोवर अख्खी पट्टी अर्जुनरावांच्या डोक्यावरून गुडघ्यापर्यंत आली होती. मागे ओलीचा डाग, पुढे मोरांत गुंडाळलेले होणारे व्याही!

अगदी समोर बसलेला विहंग डोळे बारीक करून म्हणाला, "बाबा, एवढ्या उकाड्यात शाल काऊन पांघरली?"

दारातून पाहणाऱ्या रेणुकाताईंनी हातातला झारा ठेवला. दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "भाऊ, नंबर किती?"

विहंगनं आईकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला. मुलानं खिशातून चष्मा काढून लावला. काच गार्गीच्यापेक्षा जाड! कागदाच्या आतून अर्जुनरावांचा आवाज आला, "लावा बे दोघंही चष्मे, पाहा एकमेकांले एकदाचं. आन् मले कोणीतरी बाहेर काढा!"

...चांगुणाताई, बसा ना. काय म्हणता? "पुरे कर"? करते, करते. टाळ्या यांनाच द्या हो, स्थळ यांनीच आणलं.

लग्न झालं. दोघंही बोहल्यावर चष्मा लावूनच उभी राहिली. रेणुकाताई, त्या दिवशी तुम्ही "आजच्यापुरत्या चालतील" म्हणाला असतात, तर कोणी तुम्हाला दोष दिला नसता. स्थळ टिकवायला मीही म्हटलं असतं. तुम्ही आधी माझ्या लेकीचे डोळे जपले. बडनेऱ्याच्या बायकांना आता डोळे वटारून हात धुवायला लावा. इथे आम्हाला कोण रागावणार?

राहता राहिला आपला जुना वाद. कागद कशानं निघाला? तुमच्या ठणठणीत कोरड्या भिंतीनं की माझ्या खळीनं? मंडळातर्फे तुम्हाला ही भेट. वरचा कागद ओळखलात ना? उरलेल्या गुंडाळीतला आहे, मोर यावेळी जुळवलेत. चिकटपट्टी लावलेली नाही, माझीच मैद्याची खळ आहे. बडनेऱ्याला उतरल्यावर आधी फोन करा. कागद तसाच असेल तर चूक भिंतीची होती, हे उत्तमरावांसमोर कबूल करायचं. सुटला असेल, तर मी स्वतः गोंद घेऊन तुमच्याकडे येते, आणि चांगली आठ दिवस राहते.

बोलण्याच्या ओघात नणंदबाईंचं, व्याह्यांचं किंवा आणखी कोणाचं मन दुखावलं असेल, तर या मॅट्रिक झालेल्या बाईला पदरात घ्या. मंडळाचे, मंदिराचे आणि एवढा वेळ बसून राहिल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे उपकार मानते. चहा आला आहे. हात धुऊन घ्या. रेणुकाताई बघत आहेत.

रामराम.